छताला टांगलेलं स्टेशन

नवऱ्याच्या डोक्यात आगगाडी शिरली ती लेकीच्या वाढदिवसाचं निमित्त करून. लेकीला हवी होती बाहुली. तिला मिळालं वाफेचं इंजिन, पितळी घुमट आणि काळंभोर धुराडं असलेलं, आणि वर त्याला हात लावायची बंदी. लेक चार वर्षांची. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, यावरून काय ते समजा.

नवरा कवळ्या बनवतो. बारीक कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने ठरवलं, सगळं जुन्या काळातलं हवं: हात खाली पाडणारे सिग्नल, लाकडी डबे, फलाटावर कंदिलांचे खांब. "या गावात अजून वीज आलेली नाही," असं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की जणू तिथेच लहानाचा मोठा झालाय. बाहेरच्या खोलीत तपकिरी कागद अंथरला होता आणि त्यावर खडूचे रूळ. सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि कागदाच्या कडेला थांबून विचारायच्या, "येऊ का रे? का गाडी यायचीय?"

घोडं अडलं वळणापाशी. इंजिन लांब, आखूड वळणावर ते रूळ सोडायचं. वळण मोठं घ्यायचं तर तक्ता मोठा, आणि एवढा तक्ता मावेल अशी मोकळी जागा घरात एकच: भिंगरीच्या खाटेच्या वर. छताला हुक, हुकांना कप्प्या, कप्प्यांतून दोर. खेळायचं तेव्हा खाट सरकवून तक्ता खाली घ्यायचा, झोपायच्या वेळी वर चढवायचा.

"लेकीच्या डोक्यावर?" मी विचारलं.

"अगं, छताला. डोक्यापासून कितीतरी वर."

"वरूनच पडतात वस्तू."

सासूबाई हसल्या. "ही पाळण्याशी बसून पंख्याकडे बघायची. पडला का गं पंखा?"

"नाही पडला. मी बघत होते ना!"

त्यावर दोघं इतके हसले की मीही हसले. पण माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. तक्ता अजून रिकामा होता, तरी मी भिंगरीला माझ्याजवळ झोपवू लागले. त्यातच नवऱ्याने डोंगर केला. कवळ्यांचे साचे करायचं पांढरं प्लास्टर घरात भरपूर, त्याचा त्याने बोगद्यासकट डोंगर उभा केला. मी उचलून पाहिला आणि तसाच खाली ठेवला.

"याचं वजन धरलंस का हिशोबात?"

त्याने डोंगर उचलून पाहिला. मग म्हणाला, "डोंगर नंतर सुचला."

"राईचा पर्वत करायची हौस दोघांनाही," सासूबाई म्हणाल्या. "हा प्लास्टरचा करतो, तू काळजीचा."

मी एकच अट घातली. आधी तक्त्यावर दुप्पट वजन ठेवून तो टांगायचा. टिकला तरच लेक त्याखाली झोपेल, नाहीतर नाही. नवऱ्याने मान्य केलं. मला खोटं पाडायची त्याला घाई झाली होती, हेही खरं.

रविवारी सकाळी खाट बाहेर काढली. इंजिन, डबे, स्टेशन सगळं कपाटात ठेवलं आणि तक्त्यावर प्लास्टरच्या पिशव्या आणि माझी कॉलेजची जाडजूड पुस्तकं रचली. नवऱ्याने दोर ओढला. तक्ता कुरकुरत वर गेला. खिडकीशेजारच्या खुंटीला त्याने दोर बांधला आणि आम्ही तिघं माना वर करून उभे राहिलो. मी एकेका हुकाकडे आळीपाळीने बघत होते. छताला तडा जातोय का, भुकटी गळतेय का. काही नाही. बराच वेळ गेला, मान अवघडली, तरी काही नाही.

"सूतभर तरी हलला का?" नवरा म्हणाला.

"नाही हलला," मी कबूल केलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. इतके दिवस उगाच जीव खाल्ला स्वतःचा आणि सगळ्यांचा. "आण खाट," मी म्हणाले. "आज झोपू दे तिला इथे."

तो खाट आणायला दाराकडे वळला, मी त्याच्यामागे. तेवढ्यात पाठीमागे कप्पी किंचाळली.

मी वळले तोवर तक्ता आला होता खाली. एक कोपरा जमिनीवर आदळला, पिशव्या फुटल्या, खोलीभर पांढरा धुरळा. खाटेची जी जागा, नेमका तिथेच.

"भिंगरी!" सासूबाई ओरडल्या.

ती खिडकीपाशी भिंतीला चिकटून उभी होती. आम्ही वर बघत असताना ती आजीच्या मागून कधी आत सरकली, कुणालाच कळलं नाही. तक्ता पटकन उतरवता यावा म्हणून बापाने सुरगाठ मारली होती. लोंबणारं टोक तिने ओढलं होतं.

मी तिचे हात उघडून पाहिले. बोटं, तळवे, कोपरं, डोकं. परत बोटं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मला गाडी बघायची होती," ती म्हणाली. "तुम्ही ती वर ठेवलीत. मला नुसती फळी दिसते."

मला रडू आलं आणि त्यातच हसू. नवरा जमिनीवरच बसला. धुरळ्याने पांढरा झाला होता, का घाबरून, सांगता येत नाही. "मी हुकांचा विचार केला," तो म्हणाला. "गाठीचा केलाच नाही."

"मी तरी कुठे केला?" मी म्हणाले. "मीही वरच बघत होते."

सासूबाई नातीच्या केसांतली भुकटी झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडीने गोलच का फिरायला हवं रे? एका गावाहून निघावं, दुसऱ्या गावाला पोचावं. माणसं तशीच जातात."

नवऱ्याने मान वर केली. त्याचं डोकं चालायला लागलं की त्याचे ओठ हलतात, तसे हलले. गोल नाही म्हणजे वळण नाही. वळण नाही म्हणजे तक्ता नको, भिंतीलगत अरुंद फळी पुरे. पूर्वी लहान गावांना असाच एकेरी फाटा जायचा, तो म्हणाला. शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने मागे जायचं आणि डब्यांना दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं. "हे तर जास्तच जुनं वाटेल!"

"फळी किती उंचीवर?" मी विचारलं.

त्याने भिंगरीला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या हनुवटीपाशी खडूने रेघ मारली.

"आणि हात लावायचा?" ती म्हणाली.

तो जरा घुटमळला. "डब्यांना लाव. इंजिनाला माझ्यासमोर."

दुपारी त्याने शिडी लावून हुक काढले. सगळे काढ म्हटलं, सगळे काढले. सासूबाईंनी खोली दोनदा पुसली. मग खाट जागेवर आली आणि भिंगरी तिच्यावर पडल्या पडल्या झोपली. मीही तिच्याशेजारी आडवी झाले. बाहेरच्या खोलीत खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता. मी थोडा वेळ छताकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी डोळे मिटले.