एका खुंटीवरच्या दोन किल्ल्या

किल्ली वाजली. दुपारच्या शांततेत ठकीला थोपटता थोपटता तिच्या आईचा हात थांबला.

स्वयंपाकघराच्या खुंटीवर चर्चच्या दानपेटीच्या दोन किल्ल्या होत्या. पेटीला कुलपं दोन आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, हा मंडळीचा जुना नियम. एक तिच्या सासऱ्यांकडे, ते खजिनदार. दुसरी तिच्या वडिलांकडे. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हा पाळकच म्हणाले, “राहू दे तुझ्याकडेच, आठवण.” दोन्ही किल्ल्या एका छपराखाली आल्या, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिच्याही नाही. आज सासरे दोन्ही किल्ल्या खुंटीवरून काढत होते.

“बाबा, माझी पण नेताय?”

सासरे दचकले. “पाळकांचा नळ गळतोय गं. प्लंबरला पैसे द्यायचेत, तो काय रविवारपर्यंत थांबणार?”

“मी येते सोबत.”

“उन्हात? झोप जरा. रात्रभर पोरीपायी जागी असतेस.”

एरवी या मायेनं ती विरघळली असती. आज तिला त्या मायेचाच संशय आला, आणि संशय आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. ठकी तापली होती तेव्हा याच माणसानं तिला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला होता. पण मग गेल्या महिन्यात ठकीला आणलेली ती तीनचाकी सायकल? पेन्शनमधून घेतली, म्हणाले होते.

शनिवारी तिनं पाळकीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, “नळ झाला का हो दुरुस्त?”

“कसला दुरुस्त! बादली लावून बसलेय. पैसेच नाहीत म्हणतात तुमचे सासरे.”

रविवारी उपासनेनंतर सासऱ्यांनी पुढं उभं राहून नव्या वर्षाचं अंदाजपत्रक वाचलं. “आजाऱ्यांच्या मदतीसाठी यंदा काही उरत नाही.”

समोरच्या बाकावरच्या शिवणबाईनं मान खाली घातली. तिचा नवरा महिनाभर अंथरुणावर होता.

ठकीची आई उठली. वडिलांची किल्ली तिनं पुढं धरली.

“पाळकसाहेब, ही किल्ली दुसऱ्या घरी द्या. दोन्ही आमच्याकडेच आहेत.”

“अरेच्चा! वर्षभर झोपलो होतो की काय आपण?” मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं, लगेच गप्पही झालं.

पाळकांनी किल्ली शिवणबाईच्या हातात दिली. “मागचा हिशेबही पुन्हा पाहू. सगळ्यांसमोर.”

सासऱ्यांनी चष्मा काढला. “घरी बोलायचं होतंस, सूनबाई.”

“विचारलं होतं, बाबा. तुम्ही नळाचं सांगितलंत.”

ते कागदाची घडी घालत वळले. नेहमीच्या बाकाजवळून पुढं गेले आणि शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसले. पाळकांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी हात वर केले. ठकी मात्र दोन रांगांच्या मधोमध उभीच. एकदा मागं बघे, एकदा पुढं.

“आई, मी कुणाजवळ बसू?”