स्वच्छ टाकीतला पहिला घास

बंदराच्या पाण्यात स्त्री-हार्मोनसारखं काहीतरी मिसळतंय हे आम्ही सिद्ध केलं, माझी पीएचडी वाचली आणि केक कापला गेला. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. त्या मंगळवारी सकाळी असलं काहीही झालेलं नव्हतं. केक तर नव्हताच.

त्या सकाळी मी, मयुरेश, जर्मनीतल्या कील या बंदराच्या शहरात, आमच्या प्रयोगशाळेत नर माशांचं रक्त तपासत होतो. अंड्याचा बलक ज्या प्रथिनापासून बनतो ते मादीच्या रक्तात असतं. नराच्या रक्तात त्याचं काहीच काम नाही. तिथे सापडलं, तर पाण्यात गडबड आहे. चाचणीत रंग पिवळा आला की सापडलं.

बंदरातून नुकत्याच पकडलेल्या नरांचे नमुने पिवळेधमक झाले. मी आनंदाने खुर्चीवर चढलो. मग तुलनेसाठी आमच्या टाकीतले, गाळलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने राहिलेले नर तपासले. तेही पिवळे. मी खुर्चीवरून उतरलो.

"स्वच्छ टाकीच अस्वच्छ, मग तुझ्या बंदराला कोण विचारणार?" आमची प्रमुख नीना म्हणाली. तिचे वडील सांगलीचे. तिला मराठी सगळं कळतं, रागावते मात्र जर्मनमधून.

"म्हणजे माझी पीएचडी?"

"गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

मी पाणी तपासलं, नळ्या बदलल्या, माशांच्या खाद्यावर संशय घेतला, शेवटी स्वतःच्या शाम्पूवरही. जेवणाच्या सुट्टीत मात्र उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. टाक्या सांभाळणाऱ्या चारुलताकाकूंनी डबा उघडला, पहिला घास बाजूला काढला आणि टाकीत सोडला. सगळे नर ठरल्या वेळेला पंगतीला यावेत तसे वर आले.

"काकू! हे काय?"

"गोग्रास."

"अहो, मासे आहेत ते!"

"मग आण गाय! इतकी वर्षं झाली इथे, एक तरी फिरकली का दारात? आधी खिडकीत सीगलला ठेवायचे. तो डबाच घेऊन गेला."

"भाजी कसली आहे?"

"सोयाबीनची. रोज तीच. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय."

सोयाबीन! इस्ट्रोजेनची, म्हणजे त्याच स्त्री-हार्मोनची, हुबेहूब नक्कल करणारी द्रव्यं ज्यात असतात, ते सोयाबीन! मी काकूंना उचलायच्या बेतात होतो.

"काकू, तुम्ही ह्या बाप्यांना बाळंतपणाच्या तयारीला लावलंत!"

"बरं झालं. कळू दे त्यांनाही."

"बाप रे," नीना म्हणाली. चक्क मराठीत. "म्हणजे आपली चाचणी डब्यातली भाजीसुद्धा पकडते?"

"आणि बंदरात कुणी डबा घेऊन जात नाही!" मी ओरडलो.

नवे नर आणले. टाकीला कुलूप लावलं. पहिल्या घासाचा प्रश्न उरला, तो तात्पुरता नीनाकडे सोपवला. काकू रोज तिच्यापुढे घास धरायच्या, नमस्कार करायच्या, आणि ती निमूटपणे खायची. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. बंदरातले नर पिवळे. टाकीतले नर पाण्यासारखे नितळ! मी खुर्चीवर चढलो, शेजारच्या खुर्चीवर नीना, आणि काकू खाली उभ्या राहून दोन्ही खुर्च्या धरून होत्या. केकचं तुम्हाला माहीतच आहे. त्याचाही पहिला तुकडा काकूंनी काढला आणि टाकीकडे वळल्या.

सबब, संस्थेच्या पशुकल्याण समितीस नम्र विनंती, की संशोधनाच्या विश्वासार्हतेसाठी दुसऱ्या मजल्यावर एक गाय, शक्यतो अर्धवेळ, तातडीने मंजूर करावी, आणि तिला लिफ्ट वापरण्याची लेखी परवानगी द्यावी.