पाइपांवरचं पांघरूण

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला लोक आपापल्या थंडीची बढाई मारतात. एइनो साल्मेला नावाचे म्हातारे मात्र बढाई मारत ती एका बरणीची. घरामागच्या पडवीत ती काचेची बरणी वर्षानुवर्षं ठेवलेली होती, आणि तिच्यात होतं माळ्यावरच्या, आग विझवायच्या पाइपांतलं अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं रसायन. उणे चाळीस झालं त्या साली झाडं तडकली, पण बरणी हलवली तर आतलं खळखळत होतं.

आग विझवायचे फवारे घराघरांत बसवण्यात एइनोंचा जन्म गेला. एकदा एका घरचा पाइप गोठून फुटला, भर हिवाळ्यात छत खाली आलं. तेव्हापासून ते मिश्रण सांगितल्यापेक्षा दाटच करत. घट्ट असलेलं बरं, असं त्यांचं साधं म्हणणं.

यंदा त्यांची नात काइसा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, सान्नीला घेऊन त्यांच्याकडेच राहायला आली. काइसा आता त्यांचंच काम करायची. सान्नीला वरची खोली हवी होती, आणि तिचा पलंग नेमका फवाऱ्याखाली येत होता. म्हणून बर्फ पडायच्या आत काइसानं पाइपातलं थोडं मिश्रण काढलं, त्याचा थेंब तपासायच्या काचेवर ठेवला आणि भिंगातून बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"गोठायचं नाही ना?" एइनोंनी हसत विचारलं.

"नाही गोठायचं, उक्की." आजोबांना ती लहानपणापासून उक्कीच म्हणे. "पण पेटेल. इतकं दाट मिश्रण फवाऱ्यातून बारीक होऊन आगीवर पडलं, तर आग विझायच्या आधी भडकते. आता आम्हाला हे शिकवतात. तुमच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं."

 बरणीची परीक्षा एइनोंनी दर हिवाळ्यात घेतली होती, पण ती एकाच बाजूनं. वर सान्नी आपली पुस्तकं मांडत होती, तिची पावलं छतातून ऐकू येत होती.

"काढून टाक सगळं," ते म्हणाले.

अडचण पुढेच होती. पातळ मिश्रण इथल्या थंडीला पुरणारं नव्हतं. काइसा म्हणाली, नुसतं पाणी भरू आणि पाइपांना झाकू. पाणी? त्या माळ्यावर? एइनोंना ते पटेना. पाइप गोठून फुटला तर खाली पोर झोपलेली असणार, पण दुसरा उपाय नव्हता. शेवटी दोघंही ऊब धरून ठेवणाऱ्या कापसासारख्या जाड गाद्या घेऊन माळ्यावर चढली. एइनोंनी लगेच पाइप चहूबाजूंनी गुंडाळायला घेतला. खालूनसुद्धा.

काइसानं त्यांचा हात धरला. "खालून नको. वरून तंबूसारखं घालायचं, खाली मोकळं ठेवायचं."

"का गं?"

"खालच्या खोलीची ऊब वर यायला वाट हवी ना. सान्नीची खोली पाइपाला गरम ठेवेल."

एइनोंनी खाली घातलेली गादी हळूच ओढून काढली. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. फक्त एक तापमापी पाइपाला चिकटवली आणि तिचा आकडा दाखवणारी डबी सान्नीच्या पलंगाशी टांगली.

जानेवारीत एका सकाळी बाहेर उणे पस्तीस होतं. एइनो जिना चढून आले, तेव्हा सान्नी पांघरुणातून नुसतं नाक बाहेर काढून पडली होती. एइनोंचा चष्मा खालीच राहिला होता.

"बाई, आकडा वाचा जरा," ते म्हणाले.

"चार आणि सात."

"म्हणजे सत्तेचाळीस. आणि फॅरनहाइटमध्ये पाणी कितीला गोठतं, सांगितलं होतं मी?"

"बत्तीसला." ती बोटांवर मोजू लागली. एइनो थांबले. 

"पंधरा जास्त आहेत," ती म्हणाली. "मी गरम केलं?"

"तू आणि तुझ्या खोलीनं."

सान्नीनं विचार केला आणि पांघरूण बाजूला सारलं. म्हणाली, थोडी ऊब वर जाऊ दे. एइनोंनी ते पुन्हा तिच्या गळ्यापर्यंत ओढलं आणि सांगितलं, एवढी पुरते.

खाली काइसा कामाला निघत होती. एइनोंनी कोट चढवला. त्यांनी तसंच दाट मिश्रण भरलेली आणखी तीन घरं याच रस्त्यावर होती, आणि ते त्या लोकांना स्वतः सांगणार होते.