पारखीबाबांचा चंदेरी कागद

हॉस्पिटलच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, वॉर्डबॉय, टेलिफोनवाली, सगळे माना उंचावून पारखीबाबांकडे बघत होते. बाबा उंच खुर्चीत, शेजारी तीर्थाचा वाडगा, आणि वाडग्यापाशी गुळगुळीत चेहऱ्याचा चेला.

"श्रद्धावानाच्या मुठीत कागद गार!" बाबा गरजले. "अश्रद्धाच्या मुठीत अंगार!"

चेला चंदेरी कागदाची घडी तीर्थात भिजवून एकेकाच्या मुठीत ठेवी. गार राहिला की माणूस परीक्षेत पास झाल्यासारखा हसे. भूलतज्ज्ञांचा कागदही गारच निघाला. चहाखेरीज त्या गृहस्थांची कशावर श्रद्धा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिथलाच, रक्त-लघवी तपासणारा.

मग मुलांच्या वॉर्डातल्या नर्सबाई पुढे आल्या. क्षणभरातच त्या किंचाळल्या. मूठ उघडली तर तळहात लाल आणि त्यावर राखाडी भुकटी.

"उद्यापासून वॉर्डात यायचं नाही," मॅनेजर म्हणाले. "असल्या हातात लेकरं कशी द्यायची?"

योगायोग असा, की वॉर्डातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त होत नाहीत, अशी लेखी तक्रार नर्सबाईंनी महिन्यापूर्वीच केली होती.

त्या खरोखरच देव मानत नव्हत्या. हे त्यांनी एकाच व्यक्तीला सांगितलं होतं: समाजशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना. बाई सव्वीस वर्षं एकच गोष्ट शोधत होत्या, धर्म न मानणारी माणसं जगतात कशी. "नसलेल्या गोष्टीचा कसला अभ्यास?" म्हणून विद्यापीठाने त्यांची बढती दोनदा अडवली होती. त्या घरोघर जाऊन विचारत: मूल जन्मलं की तुम्ही काय करता? माणूस गेलं की? भीती वाटली की कुणाला हाक मारता? दोन जाडजूड पुस्तकं लिहून त्यांना कळलं ते इतकंच: "ती तुमच्याआमच्यासारखीच निघाली. लेकरांना रागावतात, म्हाताऱ्यांची औषधं सांभाळतात, शेजाऱ्यांशी भांडतात. निराश झालात ना?" यंदा त्या आमच्या हॉस्पिटलात मुलाखती घेत होत्या.

"बाई, तुमच्याशी खरं बोलले, त्याचंच हे फळ का?" नर्सबाईंनी विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. "तुमचं नाव माझ्या तोंडून कुठेही गेलेलं नाही. पण मग कागदाला कसं कळलं, ते बघते."

परीक्षा चालूच होत्या; तीन दुपारी त्या वही घेऊन जेवणघराच्या कोपऱ्यात बसल्या. स्वयंपाकघराची प्रमुख म्हणजे त्यांची थोरली बहीण, बाबांची अकरा वर्षांची भक्त. ती हरखून सगळ्यांना सांगत सुटली, "धाकटी वळणावर आली हो!"

चौथ्या दिवशी धाकटी उठून पुढे गेली.

"या, निधर्मी बाई!" बाबा म्हणाले. "हात पुढे करा!"

मॅनेजर खोकले. चेल्याची बोटं कमरेच्या डबीत शिरली, मग कागदावरून फिरली. तो घडी ठेवणार, एवढ्यात थोरली पुढे धावली.

"थांबा! तिला नका भाजू. तिच्या वाटची परीक्षा मी देते. माझ्या हातात बघा कसा गार राहतो!"

तिने घडी हिसकावून मूठ आवळली. बाबा हडबडले.

"अगं आई गं!" थोरलीने हात झटकला. खाली राखाडी भुकटी सांडली.

"ताई," बाबांनी सावरून घेतलं, "तुमच्याही मनात शंकेचा किडा..."

"किडा?" थोरलीचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं पहाटे उठून तुमचं नाव घेतलं, त्यात किडा?" ती चेल्याकडे वळली. "याच बोटांनी दुसरी घडी घाल. आता बाबा धरतील."

"गुरूची परीक्षा पाहणं पाप आहे!" बाबांचे हात पाठीमागे गेले.

"मग माझा हिशोब ऐका," प्राध्यापक बाईंनी वही उघडली. "चौऱ्याहत्तर जणांची परीक्षा झाली. त्यांतल्या नऊ जणांनी मला सांगितलंय, की आम्ही देव मानत नाही. नावं सांगणार नाही. पण त्यांतल्या आठांचे कागद गार राहिले! बाबा, तुमचा कागद संशोधक म्हणून फारच कच्चा."

आठ जण आपापल्या चपला न्याहाळू लागले. त्यांत भूलतज्ज्ञही होते.

"भाजले पाच जण. पाचही जणांनी मॅनेजरसाहेबांविरुद्ध तक्रार केलेली. माझ्यासमोर भाजलेल्या प्रत्येकाच्या आधी साहेब खोकले, आणि चेल्याचा हात डबीत गेला."

डबी मी हस्तगत केली आणि तपासली. आत पाऱ्याचा क्षार होता. ओल्या ॲल्युमिनियमच्या कागदाला तो चोळला की कागदावरचं संरक्षक आवरण फुटतं, धातू हवेशी भराभर संयोग पावतो, तापतो आणि त्याची भुकटी होते. क्षार विषारी असतो, म्हणून मी थोरलीला आधी नळाखाली हात धरायला लावला. तोवर गुरुशिष्य मागल्या दाराने पसार झाले होते. विश्वस्तांनी मॅनेजरना घरी बसवलं, नर्सबाई वॉर्डात परतल्या.

थोरली हाताला मलम लावून घेत धाकटीला म्हणाली, "मी देव सोडणार नाही हं."

"सोड असं मी कधी म्हटलं?" बाईंनी तिचा हात मांडीवर घेतला. "फक्त त्याच्या नावाने कुणी तुला भाजू लागलं, तर मला राग येणार."

मंडळी, मानायचं तर माना, नसेल मानायचं तर नका मानू. पण नर्स चांगली की वाईट, हे तिच्या वॉर्डातल्या लेकरांची तब्येत बघून ठरवा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हा नेमका कुणाच्या सोयीचा आहे?