गणपूर्तीला तीन कमी

मेपलच्या फळ्यांची, एका बाजूला काच आणि माथ्यावर फट असलेली मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो. टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये मराठी मंडळाच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मोरेश्वरकाकांनी मला आपल्या गॅरेजमध्ये घडवले, त्याला एकवीस वर्षे झाली. ते तेलकंपनीतले इंजिनिअर, त्यामुळे माझा एकही कोपरा तिरका नाही. काच बसवताना ते म्हणाले होते, "मतदानाआधी पेटी रिकामी आहे, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. पण कोणी कोणाला मत दिलं, ते कोणालाच दिसता कामा नये." गुप्त मतदान म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

पण काय सांगू, पुढे वर्षानुवर्षे मला कोणी हातच लावला नाही! दर वेळी एका पदाला एकच उमेदवार. "बिनविरोध!" म्हणायचे, टाळ्या वाजवायच्या आणि जेवायला पळायचे. माझ्यावर पाण्याच्या बाटल्या रचून ठेवत. सुख एकच होते. माझे कपाट रंगमंचाच्या मागेच, आणि गणेशोत्सवातल्या रविवारी सकाळी तिथे कीर्तन रंगायचे. बुवांच्या चिपळ्या वाजल्या की माझे लाकूडसुद्धा निवून जाई. मोरेश्वरकाका पहिल्या रांगेत असत. त्यांच्या डोळ्यांना आता पोथी दिसत नाही. त्यांना देव कानांनीच भेटतो. शेजारी त्यांची नात इला. वर्षभर इंग्रजीत उत्तरे देणारी ती पोर त्या एका तासात आजोबांच्या कानाशी लागून मराठीत विचारी, "मग पुढे काय झालं?"

यंदा मात्र अध्यक्षपदाला तीन उमेदवार उभे राहिले. नीलांबरीकाकूंना कीर्तन नेहमीसारखे सकाळी हवे होते. उल्हासकाकांनाही कीर्तन हवेच होते, पण संध्याकाळी. तिशीतला शिव म्हणत होता, कीर्तन बंद करू आणि डीजे आणू. मी हरखले. माझ्या पोटात चिठ्ठ्या पडल्या, एकशे तीस! चौघांनी दोन-दोन नावांवर खुणा केल्या होत्या. ती मते बाद झाली. उरलेल्यांत शिवला सत्तेचाळीस, काकूंना एक्केचाळीस आणि उल्हासकाकांना अडतीस. शिव निवडून आला.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, असा मंडळाचा नियम आहे. भारतात लोकसभेलाही असेच चालते. पण सर्वांत जास्त म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे. निम्म्याहून जास्त मते मिळाली, तरच ते बहुमत. कीर्तनाच्या बाजूच्या चिठ्ठ्या एकोणऐंशी होत्या, पण दोन ढिगांत. मते फुटली, ती अशी. सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच पोटात होत्या आणि मला बोलता येत नव्हते! जीव नुसता जळत होता.

"दॅट्स सो अनफेअर, आजोबा!" इला म्हणाली आणि तिनेच उपाय सुचवला: पसंतिक्रम. चिठ्ठीवर नावांपुढे एक, दोन, तीन लिहायचे. कोणालाच बहुमत नसेल, तर सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराला वगळायचे आणि त्याच्या चिठ्ठ्या त्या-त्या मतदाराच्या दुसऱ्या पसंतीला द्यायच्या. मोरेश्वरकाकांनी घरोघर फोन केले आणि विशेष सभा बोलावली. नियमातला हा बदल मंजूर झाला, तर गणपतीच्या आधी फेरमतदान होणार होते.

सभेच्या दिवशी काकांनी मला मतदानासाठी स्वतः फडक्याने पुसले. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरायला, सभागृहात साठ सभासद हजर लागतात. शिवने मोजले. सत्तावन्न. पुन्हा मोजले. सत्तावन्नच. अहो, माणसे होती ना, बाहेर होती! मिसळीची रांग लागली होती. इला तीनदा धावत गेली.

"आलोच गं, तर्री संपेल ना," राजकाका म्हणाले.

"माझं मत पडलं असं समज," निमिषकाका म्हणाले. "कीर्तनाला आपला फुल सपोर्ट आहे, यार."

"असं समजता येत नाही, काका! आत बसावं लागतं!"

एक वाजला. सभागृहाची वेळ संपली. "सॉरी काका, नियम आहे," शिव खाली बघत म्हणाला आणि त्याने सभा रद्द केली. पाचच मिनिटांनी अकरा जण हातात वाट्या घेऊन आत आले. "काय, झालं का मतदान?"

मित्रांनो, डीजेला मत देणाऱ्यांचा मला राग नाही. ते निदान मत देऊन गेले. मला राग आला तो त्या वाट्यांचा.

खुर्च्या मिटल्या जात असताना काकांनी खिशातून नियमबदलावरची आपली चिठ्ठी काढली. चाचपडत माझी फट शोधली आणि चिठ्ठी आत सोडली.

"आजोबा, नोबडी विल काउंट इट," इला रडवेली होऊन म्हणाली.

"ठाऊक आहे, बाळा. पण मी मत द्यायला आलो होतो."

यंदा कीर्तन झाले नाही. काकांची ती चिठ्ठी बाद झालेली नाही. ती फक्त मोजली गेली नाही. म्हणून तुम्हाला कळवळून सांगते, मनातले मत माझ्यापर्यंत पोचत नाही. हातातली वाटी खाली ठेवा, आत या आणि बसा.