लाल प्रोफाइलचा जप

तांडापेठेतल्या नामसंकीर्तन मंडळानं चार महिन्यांत एक कोटी रामनामाचा संकल्प सोडला, तोही कॉम्प्युटरवर. ही अक्कल अध्यक्ष रुपरावजी धकात्यांची. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि ऑफिसची आवक-जावक सुटल्यापासून रामाची आवक-जावक त्यांनी आपल्याकडे घेतली होती.

मंडळाची वेबसाइट उघडायची, पडद्यावरच्या कमळावर बाण न्यायचा, तोंडानं एक नाम घ्यायचं आणि बोटानं एक क्लिक करायचं. एक हजार आठ झाले की शंख वाजायचा. बाजूला यादी होती, कोण पहिला आणि कोण दुसरा, याची. देवाला त्या यादीची गरज नव्हती, मंडळाला होती. पहिला येईल तो समाप्तीच्या पूजेला पाटावर बसणार.

वच्छलाबाई परातेंना पाट नको होता. हे त्या कोणी न विचारताही सांगत. त्यांचा नेम जुना होता. रोज एक हजार आठ नामं झाल्याशिवाय पाण्यापलीकडे काही तोंडात घालायचं नाही. एकवीस वर्षांत सुनेचं बाळंतपण झालं, घरात मयत झाली, तरी नेम मोडला नव्हता. पूर्वी माळ होती, आता मंडळाखातर माउस आला. महिनाभरात मनगट सुजून आलं.

सून चिन्मयी मिहानमधल्या आयटी कंपनीत कामाला होती आणि रविवारी कानाला हेडफोन लावून गोळीबाराचे गेम खेळायची. तिनं आपला गेमिंग माउस सासूपुढं ठेवला.

"आई, हा घ्या. याच्यानं हाताले जोर पडत नाही."

"यात लाइट काहून लागून राहिला वं?"

"तो प्रोफाइलचा आहे. हिरवा तुमचा, निळा माझ्या ऑफिसचा, लाल गेमचा. हिरव्यात मी बाकीचे सारे बटनं बंद करून टाकले. एकदा दाबलं, एक नाम."

"एकाले एकच ना? घेतलेल्याच्या वर एकही नको मले."

"एकाले एकच, आई."

वच्छलाबाईंनी माउसला हळदकुंकू वाहिलं. माउसच्या आयुष्यातला तो पहिलाच सत्कार असावा. त्यानंतर रोज आंघोळ झाली की त्या जुनं कुंकू ओल्या फडक्यानं पुसत आणि ताजं लावत. असंच एका सकाळी पुसताना चाकामागचं प्रोफाइल बदलायचं बारीकसं बटण, तेवढं एकच चालू राहिलेलं, दबलं. हिरवा दिवा जाऊन लाल लागला.

वच्छलाबाईंनी तो पाहिला, आणि लाल म्हणजे कुंकवाचा रंग, आपली पूजा पावली, असं समजून हात जोडले. डोळे मिटले आणि जपाला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली नाहीत तोच शंख वाजला.

त्यांनी घड्याळ पाहिलं. एरवी पाऊण तास लागायचा. घड्याळ बंद पडलं असेल म्हणून मोबाइल पाहिला, पण मोबाइलही घड्याळाच्याच बाजूचा निघाला. मग उत्तर एकच उरलं. समाधी! पोथीत लिहिलं होतं, की समाधीत वेळ कसा गेला ते कळत नाही. इथं वेळ गेलाच नव्हता, पण एवढ्या बारकाव्यात शिरणं भक्ताला शोभत नाही. वच्छलाबाईंनी चहा घेतला, पोहे खाल्ले, आणि वेळ शिल्लक होता म्हणून आणखी पाच-सहा शंख वाजवले.

रोज असंच होऊ लागलं. त्यांचं नाव यादीत चढत गेलं. गल्लीतल्या मैनाबाई एक दिवस येऊन पायाच पडल्या.

"तुमचं नाम आपोआप होते म्हणतात."

"मी काय करते बापा, तोच करवून घेते," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज तीन घरं जायचा.

अठराव्या दिवशी त्या पहिल्या आल्या. रुपरावजी दुसऱ्या नंबरावर घसरले आणि म्हणाले, बाईमाणसाला मान मिळाला, फार आनंद झाला. हे त्यांनी तोंड न उघडता म्हटल्यासारखं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी समाप्ती होती. आदल्या संध्याकाळी चिन्मयी माउस चार्जिंगला लावायला आली.

"आई, हा लाल काहून आहे?"

"आपोआप झाला. अठरा दिवस झाले. कृपा आहे त्याची."

"आपोआप कसा होईन? बटन दबलं असन. आई, लालमध्ये मी एका दाबाले दहा गोळ्या सेट करून ठेवल्या आहे."

वच्छलाबाईंनी माउसकडे पाहिलं, कमळाकडे पाहिलं.

"म्हणजे मी अठरा दिवस रामाच्या नावानं गोळ्या झाडून राहिली होती?"

चिन्मयीला हसू आवरेना. मग सासूचा चेहरा दिसला आणि ते आवरलं.

"जाऊ द्या ना आई. कोणाले समजते?"

"मी जेवली ना वं. शंभर नामं झाले अन् मी पोहे खाल्ले. अठरा दिवस. अन् त्या मैनाले पाया पडू देलं."

चिन्मयीनं कागदावर खरा आकडा काढून दिला. तो घेऊन वच्छलाबाई तशाच रुपरावजींकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोटी पूर्ण झाल्याचं बॅनर लागलं, वच्छलाबाई."

"माझ्या नावावरचे जास्तीचे काढून टाका."

"कमी करायचं बटनच ठेवलं नाही आम्ही. भक्ती कमी होते, असं धरलंच नव्हतं." मग त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "पण ते एकाले दहावालं, ते माझ्या माउसमध्ये बसते का?"

समाप्तीच्या सकाळी मंडप भरला. पाटावर वच्छलाबाई. मागच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढं दोन लाख तीस हजार. पुरोहितांनी त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं, माइक जवळ सरकवला आणि म्हणाले, "नाव, गोत्र, अन् किती जप झाला तो आकडा म्हणा. मग पाणी सोडा."

नाव झालं, गोत्र झालं. पुढं वच्छलाबाई थांबल्या. समोर मैनाबाई हात जोडून बसल्या होत्या. पडद्यावरचा आकडा म्हटला असता तर कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकू लागलं होतं.

"एक लाख पंधरा हजार पाचशे," त्या म्हणाल्या. "त्यातले अठरा दिवस नेम मोडून, खाऊन."

"आकडा चुकला," रुपरावजी कुजबुजले. माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं.

"नाही चुकला, रुपरावजी. बाकीचे आमच्या घरच्या माउसनं घेतले. त्याले पाटावर बसवायचं असन तर घरून आणून देते."

त्यांनी पाणी सोडलं आणि उठल्या.

चिन्मयीला वाटलं, आता लोक तोंडावर बोलणार. तेवढ्यात मैनाबाई तिच्याकडे सरकल्या.

"असा माउस सदरच्या बाजारात भेटते का वं?"

मागून कोणीतरी विचारलं, "दहाचे शंभर होते का त्यात?"

पाट रिकामा ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्या नंबरचे रुपरावजी बसले. पुरोहितांनी आकडा विचारला. त्यांनी पडद्याकडे मान वळवून वाचून दाखवला. त्यांच्या ओंजळीतलं पाणी जरासुद्धा हललं नाही.

वच्छलाबाई अगदी मागं, खांबाशी जाऊन बसल्या. पदराखालून जुनी माळ काढली. आजचा नेम पहाटेच झाला होता. बाकी होते ते त्या अठरा दिवसांचे, रोज खाण्याआधी राहून गेलेले नऊशेच्या वर, म्हणजे एकूण सोळा हजारांच्या वर. महाप्रसादाचं ताट आलं ते त्यांनी बाजूला सरकवलं.

चिन्मयी शेजारी येऊन टेकली. "आई, अर्धी रात्र होईन याले. तुम्ही नुसतं म्हणा, मी मोजते."

"तू नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुयं बोट लय जोरात चालते."

चिन्मयीनं हसत ताटावर झाकण ठेवलं.