शेवग्याचं सरपण

"अहो, शेवगा काय जळण असतं का? शेवगा!"

भाजीच्या पिशव्या हातात तशाच धरून मेधा अंगणात थांबली होती. सकाळी ती मिरकाबच्या बाजारात गेली तेव्हा भिंतीशी झाड उभं होतं. आता तिथे खुंट होता, शेजारी ओंडक्यांची रास, आणि राशीपाशी कुऱ्हाड टेकून तिचा नवरा मोरेश्वर, गड जिंकल्यासारखा.

"थंडी बघतेस ना? जहऱ्याच्या बाजारातला लाकूडवाला फोन उचलत नाही. घरचं लाकूड असताना..."

"घरचं? तुमच्या कंपनीचा पंप होता का तो, मनात आलं की खोलायला?"

नाशिकहून साडीच्या घडीत लपवून आणलेली काडी ती. आखातातल्या या फिंतासच्या मातीत अशी माजली, की शेंगा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या यूसुफच्या खिडकीतून आत शिरत आणि त्याच्या टीव्हीचं चॅनल बदलत. यातलं अर्धं सोडून द्या. पण दर शुक्रवारी मराठी मंडळी शेंगांसाठी बेल वाजवत, हे खरं. दार मोरेश्वर उघडायचा आणि समोरचा म्हणायचा, "काकू आहेत?"

सगळा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. बंद पडलेला पंप नुसत्या त्याच्या खोकण्यानं चालू होतो, असं साइटवर म्हणत. यंदा कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवला, आणि त्याचा फोन जो झोपला तो झोपलाच. मग त्यानं जुन्या पंपाच्या लोखंडाची शेगडी बनवली. खिडकीतला एसी काढला, त्या भोकातून धुराचा पाइप बाहेर सोडला, आणि शेगडीसमोर आपली खुर्ची मांडली.

त्या संध्याकाळी शेवगा पेटला नाही, फसफसला. पाणी सुटलं, फेस आला. धूर असा कोंडला की भिंतीवरच्या गणपतीनंही सोंड गुंडाळून घेतली असती.

"शेका!" मेधा ओरडली. "माझी आमटी शेका!"

"वाळेल," मोरेश्वर खोकत म्हणाला. उरलेले ओंडके त्यानं शेगडीच्या कडेनं उभे केले. दुसऱ्या दिवशी स्वतः जहऱ्याला जाऊन वाळकं लाकूड आणलं. मेधानं बोलणं टाकलं. घरात फक्त भांडी बोलत होती, तीही आपटून.

शुक्रवारी बेल वाजली. दारात मराठी मंडळींतली जुईली, रिकामी पिशवी घेऊन.

"काकू आहेत? शेंगा हव्या होत्या."

"काकांना विचार गं," मेधा आतून म्हणाली. "सगळा शेवगा काकांकडे आहे."

"काका?"

कित्येक महिन्यांनी कुणी त्याला काही विचारत होतं. तो दाराची कडी चाचपत राहिला. जुईलीला अंगणातला खुंट दिसला. पिशवीची घडी घालत ती गेली.

दार लावून तो म्हणाला, "जो येतो तो तुलाच विचारतो."

"म्हणून झाड पाडलंत?"

तो शेगडीत लाकूड सारू लागला.

"सांगायचं होतंत! शिडीवर तुम्हाला चढवलं असतं. शेंगा तुमच्या हातून दिल्या असत्या. मी बसले असते आत. तोंड नव्हतं तुम्हाला? कुऱ्हाडच बरी सापडली!"

पुढचे काही दिवस शेगडी धगधगत राहिली. मग एका सकाळी केर काढताना मेधाचा झाडू थांबला. शेगडीजवळच्या एका ओंडक्याची साल फुटून हिरवं टोक वर आलं होतं. तिला वाटलं, रंग लागलाय. नखानं हलकेच टोकरलं. रंग नव्हता.

तिनं तेलाचा रिकामा डबा आणला, माती भरली, ओंडका त्यात खोचला आणि डबा मोरेश्वरच्या खुर्चीवर ठेवला.

"आणि मी?" त्यानं विचारलं.

"खाली बसा. आणि जाळ विझू देऊ नका."

मोरेश्वर फरशीवर बसला. एकेक ढलपी आत सारत राहिला, पंप ऐकायचा तसा कान देऊन.

बेल वाजली. शुक्रवार होता. तो गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

"तुम्ही जाळ बघा," मेधा त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि रिकाम्या हातांनी दार उघडायला गेली.